आर्थिक इतिहास हा विषय विद्यापीठात कसा आला: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

प्रकल्पाचं काम सुरू. करायचंय काय तर आर्थिक इतिहास हा वेगळा विषय म्हणून विद्यापीठात कधी आला, कुणी आणला आणि आला तर बसला कुठे, ह्याची एक टाइमलाइन आणि तिच्यावर आधारलेला एक लांबसा लेख. शीटमध्ये कॉलम ठेवलेत ते असे: वर्ष, शहर, संस्था, काय झालं (प्राध्यापकपद, जर्नल, सोसायटी, परीक्षेतला पेपर) आणि "कुठला विभाग". हा शेवटचा कॉलम मॅडमनी सुचवलाय. त्या म्हणाल्या, विषय कोण शिकवतं ह्यापेक्षा शिकवणाऱ्याचा पगार कुठल्या विभागातून निघतो ते बघ, बरंच काही कळेल.

पहिलीच अडचण सुरुवातीची. कुठेही बघा, १८९२, हार्वर्ड, विल्यम अ‍ॅशली, जगातलं पहिलं आर्थिक इतिहासाचं प्राध्यापकपद, विषय संपला. ते खरंच आहे, पण त्याच्या कितीतरी आधीपासून केंब्रिजमध्ये विल्यम कनिंगहॅम इतिहासाच्या ट्रायपॉसच्या (केंब्रिजची पदवीपरीक्षा) पोरांना हेच शिकवत होता, आणि शिकवायला धड पाठ्यपुस्तक नाही म्हणून १८८२ मध्ये त्याने इंग्लंडच्या उद्योग-व्यापाराच्या वाढीवर स्वतःच पुस्तक लिहिलं, जे पुढच्या प्रत्येक आवृत्तीत फुगतच गेलं. तिकडे ऑक्सफर्डला अर्नॉल्ड टॉयन्बी १८८१-८२ मध्ये औद्योगिक क्रांतीवर लेक्चर देत होता. तो १८८३ मध्ये ऐन तिशीत गेला, आणि विद्यार्थ्यांच्या नोट्स जुळवून १८८४ मध्ये त्या लेक्चरांचं पुस्तक निघालं. त्या नोट्स घेणाऱ्यांत हाच अ‍ॅशली होता.

म्हणून नियम केला की शिकवणं, परीक्षा, पद, जर्नल, सगळ्यांची वेगवेगळी ओळ टाकायची. "पहिलं" हा शब्द फक्त पदाच्या ओळीत.

६ फेब्रुवारी

थोरॉल्ड रॉजर्स. हा माणूस एकटाच एक प्रकरण आहे. कॉलेजांच्या आणि मठांच्या जुन्या हिशेबवह्या उपसून त्याने इंग्लंडमधले शेतमालाचे भाव आणि मजुरीचे दर गोळा केले, १२५९ ते १७९३, सात खंड, पहिले १८६६ ला आले आणि शेवटचा १९०२ ला, म्हणजे तो वारल्यावर बारा वर्षांनी, मुलाने पुरा करून. एक्सेल नाही, कॅल्क्युलेटर नाही, टाइप केलेल्या प्रती नाहीत, नुसती लॅटिनमधली खाती. आजही मजुरीच्या दीर्घकालीन मालिका बनवणाऱ्यांना त्याच्या आकड्यांपाशी जावंच लागतं.

त्याचं पद मात्र अर्थशास्त्राचं होतं, ऑक्सफर्डचं ड्रमंड प्राध्यापकपद. १८६८ मध्ये त्याला परत निवडलं नाही, कारण राजकारणात तो फार जहाल होता, खुल्या व्यापाराचे पुढारी कॉबडेन-ब्राइट, त्यांच्या गोटातला. वीस वर्षांनी १८८८ ला परत तेच पद मिळालं आणि १८९० ला गेला. विभागाच्या कॉलममध्ये "अर्थशास्त्र" लिहिलं, जरा जड हातानेच.

१० फेब्रुवारी

जर्मनी. इथे शीट अडखळली. विल्हेल्म रोशर १८४३ पासून सांगतोय की अर्थशास्त्र ऐतिहासिक पद्धतीनेच शिकायला पाहिजे, मग हिल्डेब्रांट, क्नीस, आणि त्यानंतर बर्लिनचा गुस्टाव श्मोलर, ज्याच्या हातात जर्मन विद्यापीठांतल्या नेमणुका जवळपास होत्याच. एवढा सगळा आर्थिक इतिहास चाललाय आणि आर्थिक इतिहासाचं वेगळं पद कुठे दिसत नाही!

विचार केल्यावर लक्षात येतं की गरजच नव्हती. अख्खं अर्थशास्त्रच इतिहास असणार असेल तर त्याचा वेगळा पेपर कशाला. विषयाला वेगळं नाव, वेगळी खुर्ची लागते ती मूळ विभाग म्हणतो की हे आमचं काम नव्हे, तेव्हा. आणि ते म्हणणारा निघाला व्हिएन्नाहून, कार्ल मेंगर. १८८३ ला त्याने लिहिलं की सिद्धांत वेगळा आणि इतिहास वेगळा, नुसती माहिती गोळा करून नियम सापडत नाहीत. श्मोलरने झोडपलं, मेंगरने १८८४ ला अजून एक जहरी पुस्तिका लिहिली आणि परीक्षणासाठी पाठवली, ती श्मोलरने परत पाठवून दिली, आणि आपण परत पाठवतोय हे आपल्या नियतकालिकात छापून पण टाकलं. प्राध्यापक लोक!

१३ फेब्रुवारी

हेच भांडण इंग्लंडमध्ये, पण तिकडे त्यातून विषय जन्माला आला. आल्फ्रेड मार्शल १८८५ मध्ये केंब्रिजचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, कनिंगहॅम पण त्याच पदाला उभा होता आणि पडला. १८९२ मध्ये कनिंगहॅमने इकॉनॉमिक जर्नलमध्ये मार्शलवर सरळ हल्ला केला. म्हणणं थोडक्यात असं की तुम्ही आजच्या बाजारातल्या माणसाची हिशेबी बुद्धी मध्ययुगातल्या शेतकऱ्याच्या डोक्यात घालता, अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा जमिनीच्या खंडाचा (भाड्याचा) सिद्धांत जिथे खंड प्रथेने ठरत होता तिथेही लावता, आणि त्याला इतिहास म्हणता. मार्शलने उत्तर दिलं, आपलं म्हणणं विपर्यस्त केलंय म्हणून.

दोघांत कोण बरोबर हा वेगळा मुद्दा (मला विचाराल तर कनिंगहॅमचा आक्षेप अजून मेलेला नाही, दर तीस-चाळीस वर्षांनी कुणीतरी नव्या नावाने घेतं). पण निकाल बघा. मार्शलच्या मोठ्या ग्रंथाच्या १८९० च्या पहिल्या आवृत्तीत सुरुवातीलाच इतिहासाची प्रकरणं होती, १९०७ च्या पाचव्या आवृत्तीत ती उचलून मागे परिशिष्टात टाकली. आणि मधे १९०३ ला केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राची स्वतंत्र ट्रायपॉस सुरू झाली. आता अर्थशास्त्राच्या पोराला इतिहासाच्या किंवा नैतिक शास्त्रांच्या परीक्षेतून यावं लागत नव्हतं. ह्या तीन ओळी शीटमध्ये एकाखाली एक लागल्या की जास्त काही लिहायची गरज पडत नाही.

१८ फेब्रुवारी

अ‍ॅशली नीट वाचला. ऑक्सफर्डचा, टॉयन्बीचा शिष्य, जर्मन लोकांचा भक्त. १८८८ ला टोरांटो, १८९२ ला हार्वर्ड. म्हणजे जगातलं पहिलं पद मिळालं अमेरिकेत, एका इंग्रजाला, आणि पद्धत बरीचशी जर्मन. इंग्लंडमध्ये जागा नव्हती, कारण एका बाजूला मार्शलची माणसं आणि दुसऱ्या बाजूला राजे, लढाया आणि राज्यघटना शिकवणारे इतिहासवाले. हार्वर्डमध्येही पद अर्थशास्त्राच्याच बाजूला होतं.

१९०१ ला तो परत बर्मिंगहॅमला आला, तिथे कॉमर्सची फॅकल्टी उभी करायला. हार्वर्डला त्याच्या मागे एडविन गे आला. गेने युरोपात बारा वर्षं काढली, बर्लिनला श्मोलरच्या हाताखाली १९०२ मध्ये डॉक्टरेट, विषय इंग्लंडमधली जमिनींची कुंपणबंदी. त्याने लिहिलं फार कमी. पण १९०८ ला हार्वर्ड बिझनेस स्कूलचा पहिला डीन, १९२० ला एनबीईआर ह्या आर्थिक संशोधन संस्थेचा पहिला अध्यक्ष, १९४० ला अमेरिकेतली इकॉनॉमिक हिस्टरी असोसिएशन निघाली तिचाही पहिला अध्यक्ष. आजच्या प्रकाशनांच्या पॉइंट सिस्टिममध्ये ह्याला प्रमोशन मिळालं नसतं.

२३ फेब्रुवारी

ब्रिटनमधलं पहिलं पद १९१०, मँचेस्टर, जॉर्ज अनविन. कापडगिरण्यांचं शहर, त्यामुळे कागदपत्रं दारातच.

पण आजचा सगळा वेळ गेला एलएसईमध्ये, म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. १८९५ ला सिडनी आणि बिअ‍ॅट्रिस वेब ह्या समाजवादी जोडप्याने आणि त्यांच्या मंडळींनी काढलेली संस्था, पहिला डायरेक्टर ह्यूइन्स स्वतःच आर्थिक इतिहासवाला, त्यामुळे मार्शलचं वजन तिथे चाललं नाही. १९०४ मध्ये लिलियन नोल्स तिथे शिकवायला लागली, कनिंगहॅमची विद्यार्थिनी. केंब्रिजला इतिहासाच्या ट्रायपॉसमध्ये फर्स्ट क्लास, पण केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी १९४८ पर्यंत दिलीच नाही, म्हणजे परीक्षा पास, पदवी नाही. १९२१ ला ती लंडन विद्यापीठात आर्थिक इतिहासाची प्राध्यापक झाली. त्याच वर्षी गर्टन कॉलेज सोडून आयलीन पॉवर एलएसईला आली, १९३१ ला तीही प्राध्यापक. अ‍ॅलिस क्लार्कचं सतराव्या शतकातल्या बायकांच्या कामावरचं पुस्तक १९१९ चं, आयव्ही पिंचबेकचं औद्योगिक क्रांतीतल्या बायकांच्या कामावरचं १९३० चं, तेही ह्याच वर्तुळातलं.

हे मी लेखात मोठं करून लिहिणार आहे. नवीन विषयात मानाच्या खुर्च्यांवर आधीपासून बसलेलं कुणी नसतं, म्हणून ज्यांना जुन्या विषयांत दार बंद होतं त्यांना इथे जागा मिळाली, आणि त्यांनी आल्या आल्या असे प्रश्न विचारले जे आधी कुणाला सुचलेच नव्हते: घरात सूत कातणारीला किती मिळायचं, विधवेला गिल्डमध्ये काय हक्क होता, मठातल्या जोगिणी हिशेब कसा ठेवायच्या. पॉवर १९४० ला अचानक गेली, पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

१ मार्च

१९२६, इकॉनॉमिक हिस्टरी सोसायटी, लंडन. पहिला अध्यक्ष म्हातारा अ‍ॅशली, सेक्रेटरीचं काम पॉवरकडे. जानेवारी १९२७ ला जर्नल, संपादक लिप्सन आणि टॉनी. अ‍ॅशली त्याच वर्षी गेला.

टॉनीची एक ओळ विद्यापीठाच्या बाहेरची टाकली. १९०८ पासून तो रॉचडेल आणि लाँगटनला कामगारांचे संध्याकाळचे वर्ग घेत होता, कुंभारकामाच्या कारखान्यांतले, गिरण्यांतले लोक दिवसभराची शिफ्ट करून यायचे आणि निबंध लिहायचे. विषय आर्थिक इतिहासच, कारण तो त्यांचाच होता. त्याच्या १९१२ च्या सोळाव्या शतकातल्या शेतीवरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने ह्याच वर्गांतल्या लोकांकडून शिकल्याचं लिहिलंय. विभागाच्या कॉलममध्ये काय लिहू? रिकामा ठेवला.

केंब्रिजमध्ये पद आलं १९२८ ला, जॉन क्लॅपहॅम. मार्शलनेच त्याला ह्या वाटेला लावलं होतं, त्यामुळे अर्थशास्त्र त्याला चांगलं येत होतं, आणि तरी १९२२ मध्ये त्यानेच अर्थशास्त्रज्ञांना विचारलं होतं की वाढत्या उत्पादनफलाचे आणि घटत्या उत्पादनफलाचे (उत्पादन वाढवलं की नगामागचा खर्च घटतो की वाढतो, त्याचे) तुमचे खोके ठीक आहेत, पण कुठला खरा उद्योग कुठल्या खोक्यात जातो ते एकदा सांगा. तोच क्लॅपहॅम मग जॉन आणि बार्बरा हॅमंड ह्या जोडप्याच्या अंगावर गेला: औद्योगिक क्रांतीत मजुराचे हाल झाले म्हणता, मग हे मजुरीचे आकडे बघा, वाढलेत. हॅमंडनी काही आकडे मान्य केले पण म्हणाले आयुष्य नुसतं मजुरीत मोजतात का. हा वाद १९५७ ला हॉब्सबॉमने परत उकरला, १९६१ ला हार्टवेलने उत्तर दिलं, आणि अजून चालूच आहे, आता त्यात सैनिकभरतीच्या आणि तुरुंगाच्या नोंदींमधली माणसांची उंची पण आली, खाणंपिणं कसं होतं त्याचं माप म्हणून.

५ मार्च

फ्रान्स, पटकन. १९२९, स्ट्रासबुर्ग, मार्क ब्लोक आणि ल्यूसियँ फेव्र, अ‍ॅनाल जर्नल, ज्याच्या पहिल्या नावातच आर्थिक आणि सामाजिक इतिहास होता. १९३६ ला ब्लोक सॉर्बोनला आर्थिक इतिहासाच्या पदावर. १९४४ ला जर्मनांनी गोळ्या घातल्या, तो रेझिस्टन्समध्ये होता. पुढे त्या पदावर लाब्रूस, भावांचा आणि पिकांचा माणूस. फ्रान्समध्ये हा विषय इतिहासवाल्यांकडेच राहिला आणि मोठा झाला, हा इंग्लंड-अमेरिकेपेक्षा मोठा फरक. कॉलममध्ये "इतिहास".

९ मार्च

भारत. इथे विषय विभागांच्या भांडणातून आला नाही, तो फिर्यादीतून आला. दादाभाई नौरोजींचा संपत्तीच्या निचऱ्याचा हिशेब, आणि मग रमेशचंद्र दत्त, आयसीएस सोडलेला माणूस, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये भारताचा इतिहास शिकवता शिकवता १९०२ आणि १९०४ ला दोन खंडांत भारताचा आर्थिक इतिहास लिहून मोकळा झाला, जमीनमहसूल, जकात, दुष्काळ, सगळा पुरावा सरकारच्याच ब्लू बुकांतून (छापील सरकारी अहवालांतून). आरोपीच्याच वह्या कोर्टात. धनंजयराव गाडगीळांचं औद्योगिक उत्क्रांतीवरचं पुस्तक १९२४ चं, केंब्रिजच्या प्रबंधातून आलेलं, त्याचा सूर फिर्यादीचा कमी आणि तपासणीचा जास्त. १९३० ला गोखले इन्स्टिट्यूट.

स्वतंत्र जर्नल १९६३ ला, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून. त्याच वर्षी मॉरिस डी. मॉरिस ह्या अमेरिकन माणसाने लिहिलं की एकोणिसाव्या शतकात भारत गरीब होत गेला हे सिद्ध झालेलंच नाही, आणि १९६८ मध्ये बिपन चंद्र, तपन रायचौधुरी आणि तोरू मात्सुई ह्यांनी त्याला त्याच दिल्लीच्या जर्नलमध्ये उत्तरं दिली. वादाचा बराचसा भाग आकड्यांच्या भरवशाबद्दल आहे, आणि मला तोच जास्त आवडला.

१४ मार्च

आज अमेरिका, १९५७ पासून पुढे. त्या वर्षी विल्यम्सटाउनच्या परिषदेत हार्वर्डचे दोन अर्थशास्त्रज्ञ, आल्फ्रेड कॉनरॅड आणि जॉन मेयर, ह्यांनी हिशेब मांडला की दक्षिणेतली गुलामगिरी मालकांना फायद्याचीच होती, आपोआप मेली नसती. डिसेंबर १९६० ला पर्ड्यू विद्यापीठात पहिलं संमेलन, डेव्हिस आणि ह्यूज ह्यांच्या पुढाकाराने, आणि इतिहासाला अर्थशास्त्राचे सिद्धांत आणि आकडेमोड लावणाऱ्या ह्या पंथाला क्लिओमेट्रिक्स हे नाव पडलं. १९६४ ला रॉबर्ट फोगेल: रेल्वे नसती तर काय झालं असतं? त्याने कागदावर पाच हजार मैल नवे कालवे खणले, खर्च काढला, आणि म्हणाला रेल्वेमुळे झालेली बचत १८९० च्या अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी. जुन्या लोकांना धक्का बसला, कारण रेल्वेने अमेरिका घडवली हे सगळ्यांना पाठ होतं, आणि घडलंच नाही त्याचा इतिहास लिहायचा हेही त्यांना पटेना. मला स्वतःला उत्तरापेक्षा ती रीत महत्त्वाची वाटते: एखाद्या गोष्टीमुळे काहीतरी झालं असं म्हणताना ती नसती तर काय झालं असतं हे मनात धरलेलंच असतं, फोगेलने फक्त ते उघड लिहायला लावलं.

मग १९७४. फोगेल आणि एंगरमनचं गुलामगिरीवरचं पुस्तक, टीव्हीवर चर्चा वगैरे. त्यातला एक आकडा दिवसभर डोक्यात बसलाय. लुइझियानातला कापूसमळ्याचा मालक बेनेट बॅरो, त्याच्या डायरीत कुणाला कधी फटके मारले ते लिहिलेलं. फोगेल-एंगरमननी सरासरी काढली, प्रत्येक गुलामामागे वर्षाला ०.७ वेळा. वाचणाऱ्याला वाटतं, वर्षातून एकदाही नाही की. हर्बर्ट गटमनने तीच डायरी घेतली, भागाकार उलटा केला: त्या मळ्यावर सरासरी दर ४.५६ दिवसांनी कुणालातरी फटके बसत होते, आणि बसत होते ते बाकीच्यांच्या समोर. शिवाय डोकी मोजताना जास्त धरली गेली होती हे पण दाखवलं. एकच डायरी, आणि दोन्ही भागाकार गणित म्हणून होतात. फरक इतकाच की एकाने अंगावर बसलेले फटके मोजले आणि दुसऱ्याने डोळ्यांपुढची दहशत.

मॅडमना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या हा परिच्छेद लेखात पहिल्या पानावर घे. घेणार नाही, क्रम बिघडतो.

२० मार्च

विभागांचा हिशेब. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात नवीन विद्यापीठं निघाली तसे आर्थिक इतिहासाचे स्वतंत्र विभागही वाढले. ऐंशीनंतर उतार. सरकारी पैशात कपात, विद्यार्थी कमी, आणि छोटे विभाग मोठ्यांत मिसळून टाकायची टूम. कुणी इतिहासात गेले, कुणी अर्थशास्त्रात, कुणी बिझनेस स्कूलमध्ये. एलएसईचा टिकला. स्वीडनमध्ये लुंड आणि उप्सालाला अजून स्वतंत्र विभाग आहेत, तिथल्या परंपरेचा मोठा आधार एली हेक्शर, ज्याला बाकी जग व्यापाराच्या सिद्धांतामुळे ओळखतं पण जो १९२९ पासून आर्थिक इतिहासाचा प्राध्यापक होता.

अमेरिकेत क्लिओमेट्रिक्स जिंकल्यावर विषय पक्का अर्थशास्त्र विभागात गेला, आणि त्याच सुमारास इतिहासवाले संस्कृती, भाषा, अस्मिता ह्यांच्याकडे वळले, त्यांना समीकरणं वाचता येईनात आणि ह्यांना पुराभिलेखात बसायला वेळ होईना. अर्थशास्त्र विभागात पण गणित पक्कं असलेला पोरगा लागतो, त्याने इतिहास केला तर ठीक, नाही केला तरी ठीक. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते हेच. २००८ च्या मंदीनंतर इतिहास विभागांत भांडवलशाहीचा इतिहास अशी नवीन लाट आली, कापूस, गुलामगिरी, कर्ज, विमा, सगळे आर्थिक इतिहासाचेच विषय, पण क्लिओमेट्रिक्सवाल्यांना विचारायला कुणी फारसं गेलं नाही, मग त्यांनी आकडे तपासून चुका काढल्या आणि परत जुंपली.

२६ मार्च

नोबेलची ओळ वेगळी केली. १९९३ फोगेल आणि डग्लस नॉर्थ. २०२२ बर्नँकी, महामंदीतल्या बँकांवरच्या कामासाठी. २०२३ क्लॉडिया गोल्डिन, बायकांच्या कामाची आणि कमाईची दोन शतकांची आकडेवारी. ही फोगेलची विद्यार्थिनी, आणि हार्वर्डच्या अर्थशास्त्र विभागात कायम प्राध्यापकपद मिळालेली पहिली बाई, साधारण १९९० च्या सुमाराला. ज्या विद्यापीठात १८९२ ला ह्या विषयाचं जगातलं पहिलं पद निघालं तिथे! २०२४ असेमोग्लू, जॉन्सन, रॉबिन्सन, वसाहतींच्या संस्थांवर. २०२५ जोएल मोकीर, आणि तो नॉर्थवेस्टर्नला अर्थशास्त्र आणि इतिहास दोन्ही विभागांत आहे, कॉलममध्ये पहिल्यांदाच दोन नावं टाकायला मिळाली.

लागोपाठ एवढी नोबेलं म्हणजे विषय जोरात आहे असं लेखात लिहायचा मोह होतो. लिहिणार नाही. पुरस्कार अर्थशास्त्राचा आहे, आणि अर्थशास्त्राच्या जेईएल वर्गीकरणात (प्रत्येक उपविषयाला अक्षरी कोड देणारी यादी) आर्थिक इतिहास म्हणजे एक अक्षर, एन. इतिहासाच्या बाजूने असा पुरस्कार कुणी देत नाही, त्यामुळे त्या बाजूला झालेलं काम ह्या ओळीत दिसणारच नाही. पुराभिलेखात दहा वर्षं बसून एका बंदराची जकात लावणारा माणूस तरी ह्या यादीत कुठून यायचा.

२ एप्रिल

राहिलेल्या ओळी. जपान: फुकुदा तोकुझो म्युनिकला ब्रेंतानोकडे शिकला, जपानच्या आर्थिक-सामाजिक विकासावरचा प्रबंध १९०० ला जर्मनमध्येच छापला, परत जाऊन तोक्योला वाणिज्य शाळेत शिकवलं. जपानची सामाजिक-आर्थिक इतिहासाची सोसायटी १९३० ची, म्हणजे लंडनच्या सोसायटीनंतर चारच वर्षांनी. चीनमध्ये १९३४ ला ताओ शीशंगचं शिहुओ नावाचं नियतकालिक. आंतरराष्ट्रीय परिषद पहिल्यांदा १९६० ला स्टॉकहोमला.

शीट विभागाप्रमाणे फिल्टर करून बघितली तर इतिहास आणि अर्थशास्त्र सोडून तिसराच ढीग निघाला, कॉमर्सचा. अ‍ॅशली बर्मिंगहॅमला, गे बिझनेस स्कूलला, १९२७ ला तिथलंच ग्रासचं उद्योगसंस्थांच्या इतिहासाचं पद, फुकुदा वाणिज्य शाळेत. दोन मोठ्या विभागांच्या भांडणात ह्यांच्याकडे कुणी बघत नाही, पण नेमणुकांचा पैसा बऱ्याचदा इथूनच आलेला दिसतोय. लेखात ह्याच्यासाठी वेगळं प्रकरण लागणार, आणि बर्मिंगहॅमच्या त्या फॅकल्टीचा सुरुवातीचा अभ्यासक्रम आधी शोधायला हवा, त्यात आर्थिक इतिहास सक्तीचा होता की ऐच्छिक ते बघायचंय.